न कोसळणारी चूक

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली एक त्रुटी उघड झाली आणि जगभरच्या संगणक विभागांची झोप उडाली. लॉगफोरजेचे काम अगदी साधे: प्रोग्रॅम चालू असताना काय काय घडले त्याच्या नोंदी ठेवणे. पण नोंदवायच्या मजकुरात डॉलरचे चिन्ह, महिरपी कंस आणि त्यात ठरावीक पद्धतीने लिहिलेला एखाद्या सर्व्हरचा पत्ता आला, की ही लायब्ररी तो मजकूर नुसता टिपून ठेवत नसे. ती त्या पत्त्यावर जाऊन विचारणा करी, आणि पलीकडे हल्लेखोर बसलेला असेल तर त्याने पाठवलेला कोड चालवला जाई. माइनक्राफ्ट खेळाच्या गप्पांच्या चौकटीत एवढी एक ओळ टाकली तरी सर्व्हर दुसऱ्याच्या हाती जाऊ शकत होता. या त्रुटीला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले. तिच्या मुळाशी असलेली सोय २०१३ पासून लायब्ररीत होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये ओएसएस-फझ या सामायिक चाचणी यंत्रणेत जावा भाषेची सोय झाली होती. मुक्तस्रोत प्रकल्पांचे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालवायचे, त्यांना वेडेवाकडे इनपुट भरवायचे आणि ते कुठे मोडतात ते पाहायचे, हा या यंत्रणेचा धंदा. मग लॉगफोरजे तिच्यातून त्या वेळी चाळून काढले असते, तर ही त्रुटी दिसली असती का? नसती. नेमका तो घातक मजकूर योगायोगाने तयार होऊन लायब्ररीत गेला असता, तरी यंत्रणेने तो बिनतक्रार पुढे जाऊ दिला असता, कारण प्रोग्रॅम कोसळला नसता. त्याने सांगितलेले काम चोख केले असते. म्हणून एखादी प्रोग्रॅमिंग भाषा सामायिक यंत्रणेला जोडणे म्हणजे तिचा कंपायलर बसवून देणे, ही समजूत अपुरी आहे असे मला वाटते. खरे काम आहे त्या भाषेत चूक कशी दिसते हे यंत्रणेला शिकवणे. आणि हे शिकवणे प्रत्येक प्रकल्पावर न सोडता एकदाच, सर्वांसाठी झाले पाहिजे.

वेडेवाकडे इनपुट भरवून प्रोग्रॅम मोडतो का ते पाहण्याच्या पद्धतीला फझ टेस्टिंग म्हणतात, आणि ते करणाऱ्या साधनाला फझर. तिची सुरुवात १९८८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात झाली. प्रा. बार्टन मिलर वादळी रात्री घरून फोनलाइनवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. लाइनवरच्या खरखरीमुळे त्यांच्या आज्ञांमध्ये भलतीच अक्षरे घुसत होती, आणि त्या कचऱ्याने युनिक्सचे नावाजलेले प्रोग्रॅम बंद पडत होते. मिलर यांनी विद्यार्थ्यांना तोच प्रयोग पद्धतशीरपणे करायला लावला. निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले: तपासलेल्या प्रत्येक युनिक्सवरचे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश प्रोग्रॅम नुसत्या यादृच्छिक अक्षरांनी कोसळले किंवा अडकून पडले. या प्रयोगाने एक निकष रूढ केला, जो पुढे तीन दशके टिकला. प्रोग्रॅम बरोबर वागला की नाही हे पाहायचे नाही. तो पडला की उभा राहिला एवढेच पाहायचे. निकष ढोबळ होता, पण त्याचा फायदा प्रचंड होता. अपेक्षित उत्तर आधी माहीत असण्याची गरजच उरली नाही.

सी आणि सी++ या भाषांसाठी हा निकष पुरेसा ठरला, कारण त्या भाषांतल्या सर्वांत घातक चुका मेमरीच्या आहेत. हद्दीबाहेरचे वाचणे, सोडून दिलेली जागा पुन्हा वापरणे, अशा गोष्टी कधी प्रोग्रॅम पाडतात, कधी गुपचूप निसटतात. गुपचूप निसटणाऱ्यांना पकडण्यासाठी ॲड्रेससॅनिटायझर हे साधन आले. कंपायलरच्या मदतीने ते प्रत्येक मेमरी-व्यवहारावर पहारा ठेवते आणि हद्द ओलांडली की प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबवते. म्हणजे न दिसणाऱ्या चुकीला दिसणारे कोसळणे बनवते. ही कल्पना नीट लक्षात ठेवावी, कारण नव्या भाषा जोडताना तिच्याच आवृत्त्या पुन्हा पुन्हा लागतात. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेली ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड त्रुटी याच जातीची. सर्व्हरला एका विनंतीत ६४ किलोबाइटपर्यंतची त्याची मेमरी ओकायला लावणारी ही चूक दोन वर्षे कोणाला दिसली नव्हती. फझर आणि ॲड्रेससॅनिटायझर जोडीने चालवले तर ती काही तासांत सापडते, हे नंतर करून दाखवले गेले. अर्ध्या जगाचे इंटरनेट व्यवहार ज्या लायब्ररीवर चालतात तिच्यासाठी काही तासांची चाचणी कोणी केली नाही, ही खंत त्या काळात अनेकांनी बोलून दाखवली. डिसेंबर २०१६ मध्ये गूगलने लिनक्स फाउंडेशनच्या कोअर इन्फ्रास्ट्रक्चर इनिशिएटिव्हच्या सहकार्याने ओएसएस-फझ सुरू केले. महत्त्वाच्या मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी ही सेवा विनामूल्य आहे. अँड्रॉइड फोनवर मराठी जोडाक्षरे जुळवून देणारे हार्फबझ आणि अक्षरांचे आकार रेखाटणारे फ्रीटाइप हे दोन्ही प्रकल्प तिच्यात तपासले जातात, तेव्हा अशा फोनवर देवनागरी वाचणारा प्रत्येक जण नकळत तिचा लाभार्थी आहे. ऑगस्ट २०२३ पर्यंत तिने सुमारे १,००० प्रकल्पांतून १०,००० हून अधिक सुरक्षा त्रुटी आणि ३६,००० बग शोधून दुरुस्त करायला मदत केली होती.

बाहेरून पाहिले तर या यंत्रणेत शिरणे सोपे दिसते. प्रकल्पाने तीन फाइली द्यायच्या: प्रकल्पाची माहिती सांगणारी, लागणारे वातावरण उभे करणारी आणि प्रोग्रॅम बांधणारी. याशिवाय लागते एक छोटे फंक्शन, ज्याला यंत्रणा बाइट्सची एक माळ देते आणि जे ती माळ तपासायच्या कोडला भरवते. सी++ मध्ये या फंक्शनचे नाव ठरलेले आहे: एलएलव्हीएमफझरटेस्टवनइनपुट. तयार झालेल्या फाइलींपैकी कोणत्या चाचणीच्या आहेत हे ओळखण्यासाठी यंत्रणा त्यांच्यात हेच नाव शोधते. सी++ ची फाइल यंत्रभाषेत बांधलेली असते, तिच्यात ते नाव आपोआप येते. जावाची चाचणी मात्र अशी एकसंध फाइल नसते. तिला जावाचे आभासी यंत्र लागते, क्लास फाइली लागतात, आणि हे सगळे सुरू करणारी एक शेल स्क्रिप्ट लागते. त्या स्क्रिप्टमध्ये हे नाव येणार कुठून? म्हणून जावाच्या प्रकल्पांत ही स्क्रिप्ट लिहिताना तिच्यात एक ओळ टिप्पणी म्हणून घातली जाते. तिच्यात ते लांबलचक नाव असते आणि पुढे ‘फझर ओळखण्यासाठी’ अशा अर्थाचे शब्द असतात. ती ओळ काहीच करत नाही, पण ती काढली तर यंत्रणेच्या लेखी चाचणी अस्तित्वातच नाही. पायथॉनच्या स्क्रिप्टमध्येही तीच ओळ असते. यंत्रणेच्या हाडामासात सी++ किती मुरलेली आहे, हे या एका ओळीवरून जितके कळते तितके कोणत्याही आराखड्यावरून कळणार नाही.

बांधाबांधीची तजवीज ही तरी किरकोळ बाब. खरा पहिला अडसर आहे मार्गदर्शनाचा. आजचे फझर मिलर यांच्या काळासारखे आंधळे नाहीत. नोव्हेंबर २०१३ मध्ये मिखाउ झालेव्स्की यांनी एएफएल प्रसिद्ध केले, तेव्हापासून फझर प्रत्येक इनपुटनंतर कोडचा कोणता भाग चालला ते पाहतो, आणि ज्या इनपुटने नवी वाट उघडली ते जपून ठेवून त्यातच पुढचे बदल करतो. हे किती निर्णायक आहे ते साध्या आकड्यांत दिसते. एखादी फाइल चार ठरावीक बाइट्सनी सुरू झाली तरच प्रोग्रॅम पुढे जातो असे समजा. आंधळेपणाने ते चार बाइट्स जुळवायचे तर सुमारे ४२९ कोटी शक्यता आहेत. पण प्रोग्रॅम एकेक बाइट स्वतंत्रपणे तपासत असेल आणि प्रत्येक बरोबर बाइट फझरला कळत असेल, तर फार तर १,०२४ प्रयत्नांत काम होते. सी++ मध्ये ही माहिती कंपायलर पेरून देतो. जावात दोन मजकूर सारखे आहेत का हे तपासणारी क्रिया भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत दडलेली असते. तपासायच्या कोडकडे पाहणाऱ्या फझरला फक्त ‘जुळले’ किंवा ‘नाही जुळले’ एवढेच कळते, आणि तो पुन्हा ४२९ कोटींच्या रानात हरवतो. जर्मनीतील बॉनच्या कोड इंटेलिजन्स या कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये खुल्या केलेल्या जॅझर या फझरने यावर उपाय केला. क्लास मेमरीत येता येताच त्याच्या बाइटकोडमध्ये मोजणीच्या सूचना घालायच्या, मजकुरांच्या तुलना मध्येच अडवायच्या आणि तुलनेच्या दोन्ही बाजू खालच्या लिबफझर या इंजिनाला कळवायच्या. पायथॉनसाठी गूगलच्या अथेरिसने हेच वेगळ्या मार्गाने साधले. मार्ग भाषेगणिक बदलतो, म्हणूनच तो त्या भाषेच्या पोटात शिरलेल्या माणसांनी बांधावा लागतो.

त्यानंतर येतो चुकीच्या व्याख्येचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्या उपक्रमाचे यशापयश इथे ठरते. जावात प्रोग्रॅम सहसा कोसळत नाही, तो एक्सेप्शन फेकतो. पण फेकलेले एक्सेप्शन म्हणजे चूक, असा सरसकट नियम लावता येत नाही. ‘अबक’ या मजकुराचा अंक करायला सांगितला आणि जावाने नंबरफॉरमॅटएक्सेप्शन फेकले, तर ते तिचे कर्तव्यच आहे. तेच एक्सेप्शन एखाद्या फाइल वाचणाऱ्या लायब्ररीतून बाहेर आले आणि तिच्या दस्तऐवजात त्याचा उल्लेख नसेल, तर ते वापरणाऱ्याचा सर्व्हर पाडू शकते, म्हणून बग. हा फरक यंत्राला आपोआप कळत नाही. अपेक्षित एक्सेप्शन कोणते ते चाचणी लिहिणाऱ्याला सांगावे लागते. मेमरी संपणे आणि फंक्शनच्या हाकांचा ढिगारा ओसंडणे यांना जॅझर कमी तीव्रतेची सुरक्षा त्रुटी मानतो. तो निर्णय एकदा यंत्रणेत लिहिला गेला की शेकडो प्रकल्पांना तो पुन्हा घ्यावा लागत नाही. चूक सापडल्यावरची वाटही नव्याने बांधावी लागते. एकच चूक हजारो इनपुटनी उघडी पडते, तेव्हा ‘ही तीच का?’ हे ठरवण्यासाठी क्लस्टरफझ ही ओएसएस-फझच्या मागची व्यवस्था चुकीचा प्रकार आणि हाकांच्या माळेतील वरची काही फंक्शन्स पाहते. जावाची माळ सी++ च्या माळेसारखी छापली जात नाही, त्यामुळे व्यवस्थेला ती वाचायलाही शिकवावे लागले. हे शिकवले नसते तर एकाच बगच्या शेकडो तक्रारी एकाच स्वयंसेवकाच्या अंगावर आल्या असत्या.

उरतात त्या चुका ज्यांत एक्सेप्शनही येत नाही. लॉगफोरजेचे प्रकरण उघड झाल्यानंतर काही दिवसांतच गूगल आणि कोड इंटेलिजन्स यांनी जॅझरमध्ये एक पहारेकरी बसवल्याचे जाहीर केले. दूरच्या सर्व्हरवर नाव शोधणारी जावाची हाक तो अडवतो आणि फझरने दिलेला मजकूर तिथपर्यंत पोहोचला तर ती चूक म्हणून नोंदवतो. याच धर्तीचे पहारेकरी इतर धोक्यांसाठीही आहेत, आणि त्यातला एक मला फार बोलका वाटतो. बाहेरून आलेल्या बाइट्समधून वस्तू पुन्हा उभ्या करणे, म्हणजे डिसीरियलायझेशन, ही जावातली जुनी दुखरी जागा आहे. तिथे हल्लेखोर आपल्या पसंतीचा क्लास जिवंत करू शकतो. तो क्षण पकडायचा कसा? जॅझरच्या कर्त्यांनी ‘जॅझ.झर’ या नावाचा एक क्लास आमिष म्हणून ठेवला. कोणताही प्रामाणिक प्रोग्रॅम त्याला कधीच हाक मारणार नाही. मग त्यांनी फझरला हे नाव इनपुटमध्ये पेरायची दिशाही दाखवली. तो क्लास जिवंत झाला याचा अर्थ एकच: बाहेरच्या माणसाला हवा तो क्लास जिवंत करता येतो. ॲड्रेससॅनिटायझरने मेमरीच्या बाबतीत जे केले तेच इथे झाले, फक्त चूक वेगळ्या जातीची.

यावर पहिला आक्षेप असा येतो की जावा, गो, पायथॉन, रस्ट या भाषा मेमरीच्या चुकांपासून बहुतांशी सुरक्षित आहेत. मग त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे. हार्टब्लीडसारखी चूक निव्वळ जावात लिहिलेल्या कोडमध्ये होणार नाही. पण लॉगफोरजे सुरक्षित भाषेतच लिहिलेले होते, आणि त्याच्या तीव्रतेचे गुण हार्टब्लीडहून जास्त होते. शिवाय पायथॉनच्या पुष्कळ लोकप्रिय लायब्ररींच्या पोटात सी कोड असतो. वरून पायथॉन दिसते आणि खाली जुन्याच मेमरीच्या चुका दबा धरून बसलेल्या असतात. त्यासाठी अथेरिस ॲड्रेससॅनिटायझरला सोबत घेऊन चालवता येतो. गोची गोष्टही हेच सांगते. दिमित्री व्यूकोव्ह यांनी २०१५ मध्ये गो-फझ आणले तेव्हा खुद्द गोच्या प्रमाणित लायब्ररीत पुष्कळ बग निघाले, आणि मार्च २०२२ च्या गो १.१८ पासून फझिंगची सोय भाषेच्या साधनांतच आली. भाषा बनवणाऱ्यांनीच ती गरज मान्य केल्यावर वाद फारसा उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: प्रत्येक प्रकल्पाने आपापला फझर चालवावा, सामायिक यंत्रणेची गरज काय? शेतकरी आपल्या रानातली माती तपासायला तालुक्याच्या प्रयोगशाळेत नेतो. घरोघरी प्रयोगशाळा उभारा असे त्याला कोणी सांगत नाही. फझिंगचे गणितही तसेच आहे. एका रात्रीत निघणारे बग पहिल्या आठवड्यात संपतात. उरलेले महिनोन्महिने हजारो प्रोसेसर चालवल्यावर हाती लागतात. तो खर्च दोन-तीन स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला झेपत नाही, आणि बाइटकोडमध्ये सूचना पेरण्याचे ज्ञान तर त्याहून दुर्मीळ. लॉगफोरजेनंतरचा पहारेकरी जॅझरमध्ये आला, तो तिथून जॅझर वापरणाऱ्या सगळ्या जावा प्रकल्पांना मिळाला. शंभर प्रकल्पांनी आपापली व्यवस्था केली असती तर शंभरदा तेच लिहावे लागले असते, आणि बहुतेकांनी ते लिहिलेच नसते.

स्वयंसेवकांवर तक्रारींचा पूर येतो, हा तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ओएसएस-फझ सापडलेली त्रुटी आधी प्रकल्पाला खाजगीत कळवते आणि सर्वसाधारणपणे ९० दिवसांनी ती जाहीर होते, दुरुस्ती झालेली असो वा नसो. नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणाऱ्या माणसासाठी ही मुदत जाच ठरू शकते. यंत्रणा आपल्या परीने बरेच करते: कोसळवणारे इनपुट लहानात लहान करून देते, कोणत्या बदलापासून चूक सुरू झाली ते शोधते, दुरुस्ती झाल्यावर स्वतःच पडताळून तक्रार बंद करते. तरी ओझे पूर्ण जात नाही. म्हणूनच चुकीची व्याख्या आधी पक्की करा, असा माझा आग्रह आहे. जिथे प्रत्येक एक्सेप्शन बग म्हणून जाते, तिथे महिन्याभरात माणसे तक्रारी उघडणेच सोडतात, आणि मग त्यातली खरीही वाचली जात नाही.

एकाच कंपनीच्या संगणकांवर इतके विसंबणे धोक्याचे नाही का, असाही प्रश्न विचारला जातो, आणि २०२४ मधल्या एक्सझेड प्रकरणाने त्याला धार आणली. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन-तीन वर्षे विश्वास संपादन करून एक्सझेड या लायब्ररीत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला आणि त्यातून २९ मार्च २०२४ रोजी तो उघडकीस आला. मागे वळून पाहिल्यावर लक्षात आले की याच व्यक्तीने जुलै २०२३ मध्ये ओएसएस-फझमधील एक्सझेडच्या बांधणीतून आयफंक नावाची सोय बंद करून घेतली होती, आणि चोरदरवाजा पुढे त्याच सोयीवर उभा राहिला. त्या वेळी दिलेले कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखे होते. ती सोय चालू राहिली असती तर चोरदरवाजा सापडला असता, असे मात्र म्हणता येत नाही. त्याला जागा करणारा महत्त्वाचा भाग फक्त प्रकाशित गठ्ठ्यांत होता, रोजच्या कोडमध्ये नव्हता. पण यावरून एक गोष्ट उघड दिसते. चाचणीच्या मांडणीत केलेला बदल हा कोडमधल्या बदलाइतकाच बारकाईने वाचला पाहिजे, आणि नवी भाषा जोडताना जेवढे स्विच निर्माण होतात तेवढ्या जागी हा डोळा ठेवावा लागतो. एका कंपनीच्या पकडीबद्दल म्हणाल तर क्लस्टरफझचा कोड फेब्रुवारी २०१९ पासून खुला आहे. लिबफझर आणि जॅझर हेही खुल्या कोडमधूनच आले. संगणक कोणाचेही असोत, ज्ञान कुलुपात नाही.

शेवटचा आक्षेप खोट्या भरवशाचा. जीस्ट्रीमर ही ध्वनी-चित्रफिती हाताळणारी लायब्ररी अनेक वर्षे ओएसएस-फझमध्ये होती, तरी २०२४ मध्ये गिटहबच्या सुरक्षा प्रयोगशाळेतल्या संशोधकाने तिच्यात २९ त्रुटी शोधल्या. प्रकल्प यंत्रणेत असणे आणि त्याचा कोड तपासला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणीची फंक्शन्स ज्या भागाला हाकच मारत नाहीत, तो भाग कितीही प्रोसेसर लावले तरी अस्पर्श राहतो. ही फंक्शन्स लिहायला २०२३ पासून ओएसएस-फझने मोठ्या भाषा-मॉडेलांची मदत घ्यायला सुरुवात केली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातून २६ त्रुटी सापडल्याचे जाहीर झाले. त्यातली एक ओपनएसएसएलमध्ये होती. सी आणि सी++ मध्ये अशा आपोआप लिहिलेल्या फंक्शनने हद्द ओलांडली तर ॲड्रेससॅनिटायझर लगेच बोट ठेवतो, आणि माणसाला दोष लायब्ररीचा की चाचणीचा एवढेच ठरवायचे उरते. जावात तेच फंक्शन एखाद्या मेथडला दस्तऐवजात मनाई असलेली नल किंमत देऊन नलपॉइंटरएक्सेप्शन मिळवते आणि ते बग म्हणून पुढे पाठवते. ती तक्रार लायब्ररीच्या माणसापर्यंत जावी की मध्येच थांबावी, हे ठरवायला त्या मेथडने कॉल करणाऱ्याला कोणते वचन दिले आहे ते यंत्राला वाचता आले पाहिजे, आणि जावातली पुष्कळशी वचने आजही दस्तऐवजांतल्या साध्या इंग्रजी वाक्यांतच लिहिलेली आहेत.